विनातिकीट प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचा अधिकार आला कुठून?

तिकीट हरवलेल्या प्रवाशाला दंडाला धरून रेल्वेगाडीतून खाली उतरवता येतं का? इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे हा प्रश्न १८८८ साली आला. बटलर खटला म्हणून तो ओळखला जातो. शेफिल्डहून मँचेस्टरला सवलतीच्या परतीच्या तिकिटावर गेलेल्या प्रवाशाचं तिकीट हरवलं. पूर्ण भाडं भरायला त्याने नकार दिला, तेव्हा कंपनीच्या माणसांनी त्याला डब्यातून बाहेर काढलं. मारहाण झाली नव्हती, गरजेपुरताच जोर लावला होता. तरीही न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. तो पैसे मोजून गाडीत बसलेला होता, घुसखोर नव्हता. नियमाने कंपनीला भाडं मागता येत होतं, त्याच्या अंगाला हात लावता येत नव्हता.

किती जोर लावला हे नंतर बघायचं, आधी जोर लावायचा अधिकार होता का ते विचारायचं. या निकालातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पुढच्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने प्रवाशापुढे तीन वाटा ठेवल्या: तिकीट दाखवा, भाडं भरा, नाहीतर नाव-पत्ता द्या. तिन्ही नाकारल्या तरच कर्मचाऱ्याला त्याला अडवून ठेवता येई. ‘वाजवी बळ’ हे शब्द आज तिथल्या रेल्वेच्या उपविधींत स्पष्ट लिहिलेले आहेत.

आपल्याकडे १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १३९ आहे. भाडं आणि त्यावरचा दंड (किमान २५० रुपये) न भरणाऱ्याला अधिकृत कर्मचारी उतरवू शकतो, त्यासाठी इतरांची मदतही घेऊ शकतो. बळ किती वापरायचं, यावर कलमात एक शब्द नाही. हे मला खटकतं. पण मर्यादा आहेत. सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढलेल्याला त्या डब्यातून काढलं, तरी सेकंड क्लासमधून पुढे जाण्याचा त्याचा हक्क जात नाही. मुंबईच्या लोकलमध्ये हे रोजचंच. सोबत पुरुष प्रवासी नसलेली बाई किंवा मूल असेल, तर प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथेच उतरवता येतं, तेही फक्त दिवसा.

रात्री अनोळखी फलाटावर उतरवलं जाणं काय असतं, हे ७ जून १८९३ ला दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गला गांधीजींनी भोगलं. त्यांच्याजवळ तर फर्स्ट क्लासचं तिकीट होतं.

प्रवासी पैसे देतच नसेल, तर टीसीला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. ती वाट याच रेल्वे कायद्याच्या कलम १३८ मध्ये आहे, आणि तिथेही पैसे न भरल्यास १० दिवस ते १ महिना कैद होऊ शकते.