रेकॉर्ड (शब्द)

रेकॉर्ड : नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत चालणारा इंग्रजी शब्द. ‘पुन्हा’ अर्थाचा उपसर्ग आणि ‘कोर’ म्हणजे हृदय, यांपासून घडलेल्या ‘आठवणे’ अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पोर्तुगीजमधल्या ‘रेकॉर्दार’चा अर्थ आजही आठवणे असाच आहे.

उच्चारात त्याचे दोन खंड पडतात. नाम असेल तर आघात पहिल्यावर, ‘रे’ ठसठशीत. क्रियापदात आघात दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला स्वर दबतो : ‘रिकॉर्ड’. अमेरिकी शब्दकोशांत ओळीच्या शेवटी शब्द तोडायची जागाही बदलते. नामात ‘क’चा ध्वनी पहिल्या खंडात, क्रियापदात दुसऱ्यात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपल्या तोंडी दोन्ही खंड सारख्याच जोराने येतात आणि क्रियापदाच्या जागी नामच ऐकू जाते. नुसता ‘कॉ’ मोठ्याने म्हणून भागत नाही. आधी ‘रे’ आखडून ‘रि’ करावा लागतो. पर्मिट, ऑब्जेक्ट, कॉन्ट्रॅक्ट यांचेही असेच. ‘रिपोर्ट’ला मात्र हा नियम लावू नये, तिथे आघात दोन्ही वेळा दुसऱ्याच खंडावर असतो.

इंग्रजीत आघात नाम आणि क्रियापद वेगळे करतो, तर मराठीत लिंग आणि सोबतचे क्रियापद नामाचे अर्थ वेगळे करतात. ‘रेकॉर्ड लावली’ म्हणजे तबकडी, ‘रेकॉर्ड तपासले’ म्हणजे दप्तर, ‘रेकॉर्ड मोडले’ म्हणजे विक्रम. ‘रेकॉर्ड फुटली’ आणि ‘रेकॉर्ड मोडले’ यांत गल्लत होत नाही, ती यामुळेच. गोव्यात जमिनीच्या संदर्भात ‘रेकॉर्ड’ म्हटले की नमुना 1 व 14 समोर येतो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याच्या जागचा हा उतारा. इथे ‘नाव रेकॉर्डला लागले’ म्हणजे कब्जेदार किंवा कूळ म्हणून त्यात नोंद झाली.

तबकडी हा अर्थ सर्वांत नवा. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, म्हणून गायकांना ख्याल आटोपता घ्यावा लागे. 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले 1948 मध्ये आली. फोंडा तालुक्यातील केरी गावी 1892 मध्ये जन्मलेल्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची चीज 1977 च्या व्हॉयेजर या अंतराळयानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर आहे. ती मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी वाजवायची.