‘किड ए’ आणि ‘ॲम्नेशिॲक’: रेडिओहेडच्या दोन अल्बममधला फरक

‘पिरॅमिड साँग’ नेमकं कुठल्या अल्बमवर आहे? रेडिओहेड हा ब्रिटिश रॉक बँड मनापासून ऐकणारेही इथे क्षणभर थबकतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. ‘किड ए’ आला ऑक्टोबर २००० मध्ये आणि ‘ॲम्नेशिॲक’ जून २००१ मध्ये, पण दोन्हींची बहुतेक गाणी एकाच वेळी ध्वनिमुद्रित झाली. जानेवारी १९९९ पासून वर्षभराहून अधिक काळ बँड आधी पॅरिस, मग कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशायरमधला एक जुना वाडा आणि शेवटी ऑक्सफर्डजवळचा स्वतःचा स्टुडिओ असा फिरत होता. निर्माता एकच, नायजेल गॉडरिच. वीसेक गाणी जमली तेव्हा जोडअल्बम काढायचाही विचार झाला, पण एवढा ऐवज एका बैठकीत ऐकणं जड जाईल म्हणून दोन भाग पडले. २०२१ मध्ये ‘किड ए म्नेशिया’ या नावाने दोन्ही पुन्हा एकत्र आले, आणि होता तो गोंधळ आणखी वाढला.

यावरचं ठरलेलं उत्तर असं: ‘किड ए’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रयोग, आणि ‘ॲम्नेशिॲक’ म्हणजे गिटारकडे परतणं, किंवा सरळ उरलंसुरलं. मला यातलं काहीच पटत नाही.

थोडं मागे जाऊ. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या शाळेत जमलेली ही पाच मुलं. ‘क्रीप’ या गाण्याने त्यांना नाव मिळवून दिलं, ‘द बेंड्स’ या अल्बमने वजन दिलं आणि १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ने डोक्यावर नेऊन बसवलं. त्यानंतरच्या लांबलचक दौऱ्याने गायक थॉम यॉर्क पार थकला. गिटारच्या सुरावटींचा त्याला कंटाळा आला होता आणि तो एफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत होता. आता ज्या बँडमध्ये तीन जण गिटार वाजवतात, तिथे गिटारच नको म्हटल्यावर बाकीच्यांनी करायचं काय? दोन्ही अल्बम या एकाच पेचातून निघाले.

‘किड ए’चं उत्तर असं की वाजवणारी माणसंच दिसू द्यायची नाहीत. पहिल्याच गाण्यात सिंथेसायझर आणि यॉर्कच्या आवाजाचे कापलेले तुकडे. आवर्तन दहा मात्रांचं, पण झपतालाचे खंड शोधायला जाऊ नका, हाती लागणार नाहीत. शीर्षकगीतात आवाज इतका बदललाय की शब्दही धड कळत नाहीत. ‘इडियोटेक’चे सूर पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ मधल्या संगणकीय रचनेतून उचललेले. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूडने प्रयोग करता करता तासाभराच्या आसपासचं काहीबाही टेप केलं होतं, त्यातला हा छोटासा तुकडा यॉर्कने वेचला. त्यात भर ओंद मार्तनोची. हे १९२८ मधलं फ्रेंच विद्युतवाद्य. बोटातली अंगठी तारेवरून सरकवत ते वाजवतात. त्यातली मींड बाईच्या गळ्यासारखी वाटते.

मग गिटार नाहीच का? आहे की! ‘ऑप्टिमिस्टिक’ तर उघडउघड गिटारचं गाणं आहे. आणि ‘ट्रीफिंगर्स’, ज्यात एकही वाद्य ओळखू येत नाही, ते बँडचा दुसरा गिटारवादक एड ओब्रायन याच्या गिटारवर प्रक्रिया करूनच बनवलंय.

‘ॲम्नेशिॲक’मध्ये उलट वाजवणारी माणसं दिसतात, पण एकमेकांशेजारी बसलेली नव्हे. एका खोलीत पियानो, दुसऱ्या खोलीत यंत्रं, तिसऱ्या खोलीत चक्क जॅझचा फड. ‘पिरॅमिड साँग’मध्ये पियानोचे ठोके असे पडतात की फिल सेल्वेचे ड्रम येईपर्यंत सम कुठे आहे ते सापडत नाही. ‘लाइफ इन अ ग्लासहाउस’मध्ये ऐंशीला टेकलेला ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटल्टन आपला ताफा घेऊन आलाय. जॉनीने त्याला पत्र लिहून गळ घातली होती. ‘नाइव्ह्ज आउट’मध्ये गिटार नक्कीच परततं, पण ‘पल्क/पुल रिव्हॉल्व्हिंग डोअर्स’ इतकं यंत्रमय गाणं ‘किड ए’वरही नाही. ‘लाइक स्पिनिंग प्लेट्स’ची गंमत आणखी वेगळी. ‘आय विल’ या गाण्याची फसलेली टेप उलटी चालवली, त्या उलट्या सुरावटीवर यॉर्क नवं गाणं गायला. ‘आय विल’ सुलट रूपात आलं ते थेट २००३ मध्ये, ‘हेल टू द थीफ’वर.

फरक कानांनीच पडताळायचा असेल तर ‘मॉर्निंग बेल’ घ्या. हे गाणं दोन्हीकडे आहे. ‘किड ए’वर पाच मात्रांचा ड्रमचा ठेका पळत राहतो, वर इलेक्ट्रिक पियानो, आणि मन अस्वस्थ होत जातं. ‘ॲम्नेशिॲक’वर तो ठेकाच काढून टाकलाय. गाणं संथ, झुलतं, जवळजवळ अंगाईसारखं, आणि म्हणूनच माझ्या मते जास्त भीतीदायक.

बाजारात आणतानाही दोघांची वाट वेगळी होती. ‘किड ए’चं ना सिंगल (सुटं काढलेलं गाणं), ना रीतसर व्हिडिओ. वर नॅपस्टर या इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घेण्याच्या सेवेवरून तो आधीच फुटलेला. तरी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि बँडसाठी तिथे ते पहिल्यांदाच घडत होतं. ‘ॲम्नेशिॲक’ची मात्र सिंगल्स निघाली, व्हिडिओ आले. ब्रिटनमध्ये तो पहिला, अमेरिकेत दुसरा. त्यामुळे ‘किड ए’ अख्खा लक्षात राहतो आणि ‘ॲम्नेशिॲक’ सुट्या गाण्यांनी.

माझं मत विचाराल तर गाणी ‘ॲम्नेशिॲक’ची सरस, अल्बम ‘किड ए’ सरस. नवख्याने ‘किड ए’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता ऐकावा. ‘ॲम्नेशिॲक’ कुठूनही उघडला तरी चालतो, फक्त ‘पल्क/पुल’पासून सुरुवात नको. एकत्रित आवृत्ती घेतली असेल तर शफल बंद ठेवा.