बलश्री : पांडवलेण्यातल्या नावाची पार्श्वभूमी

राजश्री, जयश्री, भाग्यश्री, धनश्री ही नावे मराठी घरांत मुरलेली आहेत. बलश्री हे नाव मात्र क्वचितच कानावर पडते. बल म्हणजे सामर्थ्य आणि श्री म्हणजे शोभा, वैभव. अर्थ सरळ आहे, गुंता आहे तो नावाच्या इतिहासात.

नाशिकशी या नावाचे नाते पांडवलेण्यातल्या ३ क्रमांकाच्या लेण्याने जोडले आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला तिथला प्राकृत शिलालेख त्याचा बाप गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमासाठी प्रसिद्ध आहे. क्षहरातांचा, म्हणजे नहपान या क्षत्रप राजाच्या घराण्याचा, नाश वगैरे वर्णने सगळे वाचतात, पण लेणे दान करणाऱ्या गौतमीपुत्राच्या आईपाशी फारसे कोणी थांबत नाही. लेखात ती 'गोतमी बलसिरी' आहे. महाराजाची आई, महाराजाची आजी, सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, अशी तिची ओळख दिली आहे. लेणे तिने भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला दिले.

यातल्या 'गौतमी'मुळे फार घोटाळा होतो. नाशिककराला गौतमी म्हटले की गोदावरीच आठवते, कारण गौतम ऋषींनी ती ब्रह्मगिरीवर आणल्याची कथा लहानपणापासून ऐकलेली असते. म्हणून राणीचे नावही नदीवरूनच पडले असेल, असे सांगणारे भेटतात. ते टिकत नाही. तिचा नातू वासिष्ठीपुत्र आहे, पुढे एक राजा माठरीपुत्र आहे. ही सगळी आईच्या गोत्रावरून आलेली नावे. गौतमी म्हणजे गौतम गोत्राच्या घरात जन्मलेली. तिचे स्वतःचे नाव बलश्री. राजे आईवरून ओळखले जात म्हणजे मातृसत्ता होती, हाही निष्कर्ष घाईचा. इथे तर गौतमीपुत्राची गादी त्याच्या मुलाकडेच गेली. अनेक राण्यांच्या घरात कोणता मुलगा कोणाचा, हे कळायला गोत्र उपयोगी पडत असावे, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. मात्र सासरी येऊनही माहेरचे गोत्र टिकले आणि थेट मुलाच्या नावात गेले, ही गोष्ट लहान नाही.

त्याच लेण्यात आधीचा, गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाचा लेख आहे. काखडी गावात भिक्षूंना दिलेले शेत पडीक राहिले, गावही ओस पडले, म्हणून नगराच्या शिवेवर १०० निवर्तने (जमीन मोजण्याचे जुने माप) जमीन द्यावी, अशी ती आज्ञा. ती राजाबरोबर राजमातेच्याही वतीने दिली आहे. पण तिथे ती फक्त 'जीवसुता', म्हणजे जिचा मुलगा हयात आहे अशी, नाव नाही. एवढ्या शब्दावरून कोणी मायलेकांचे संयुक्त राज्य मानले, कोणी राजा आजारी असल्याचे अनुमान काढले. मला हे 'सौभाग्यवती'सारखे मानाचे विशेषण वाटते. नातवाच्या कारकिर्दीत, स्वतःच्या दानलेखात, ती नावानिशी येते.

हे नाव पुरुषांनाही होते. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात बलश्री नावाचा राजपुत्र आहे, आणि तोसुद्धा प्रसिद्ध झाला तो आईच्या नावाने, मृगापुत्र म्हणून.

अलीकडे मुलीसाठी जुने, वेगळे नाव शोधताना काहीजण शिलालेखांकडे वळतात. पांडवलेण्यातल्याच १० क्रमांकाच्या लेण्यातली दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, हेही असेच एक नाव. बलश्री ठेवायचे तर एक काळजी घ्यावी. रोमन लिपीत 'बल' आणि 'बाल' सारखेच लिहिले जातात, त्यामुळे जन्मदाखल्यावर देवनागरीत 'बालश्री' उमटण्याचा धोका असतो. दाखला हातात आला की ते अक्षर तपासावे.