घरगुती ब्रॉडबँड ट्यूनिंग

घरगुती ब्रॉडबँड ट्यूनिंग म्हणजे प्लॅन तोच ठेवून, घरातल्याच कॉम्प्युटरची, राऊटरची, वायफायची सेटिंग्ज बदलून नेटचा स्पीड वाढवणं किंवा लॅग कमी करणं. बोलताना लोक याला नेट ट्वीक करणं म्हणतात. लाईनवर जेवढं येतंय त्याच्यापेक्षा जास्त कुठलंही सेटिंग देऊ शकत नाही हे आधीच सांगायला हवं, ट्यूनिंगने परत मिळतं ते फक्त घरात आणि कॉम्प्युटरमध्ये वाया जाणारं, पण ते वाया जाणं कधीकधी इतकं मोठं असतं की १०० एमबीपीएसच्या लाईनवर एखादी फाईल २ एमबीपीएसने उतरत बसते. त्यामुळे यात खरं काम आकडे बदलायचं नाहीच, अडतंय कुठे ते शोधायचं आहे.

मोजमापाचा एक घोळ आधी मिटवून टाकू. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाईल सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबाइटच्या आसपास उतरणार. असं होत असेल तर लाईन ठणठणीत आहे, काही करू नका.

रिसीव्ह विंडो

ट्यूनिंगची सुरुवात इथून झाली आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथलेच आहेत, म्हणून हे जरा सविस्तर.

नेटवरचा बराचसा माल टीसीपी नावाच्या पद्धतीने येतो. सर्व्हर डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, पाठवतो, तुमचा कॉम्प्युटर मिळाल्याची पोच देतो, आणि पोच यायच्या आत सर्व्हरने जास्तीत जास्त किती डेटा पाठवून ठेवायचा तो आकडा तुमचा कॉम्प्युटरच त्याला कळवतो, हीच रिसीव्ह विंडो. सर्व्हर लांब असला की पोच उशिरा पोचते आणि विंडो छोटी असली तर सर्व्हर मधल्या वेळेत हात बांधून बसतो, लाईन रिकामी असूनसुद्धा. हिशोब सोपा आहे, विंडोला पोच यायच्या वेळाने भागायचं आणि बाइटांचे बिट करायला आठने गुणायचं, तो झाला एका कनेक्शनचा जास्तीत जास्त स्पीड.

विंडोज एक्सपीमध्ये इथरनेट कार्डावर ही विंडो सहसा १७,५२० बाइट असायची. भारतातून अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन यायला पाव सेकंद धरला तर भागाकार येतो साधारण ५६० केबीपीएस. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं तेव्हा बहुतेक घरांत तेवढंच होतं, आणि २५६ ला ५६० ची मर्यादा आडवी येतच नाही, म्हणजे त्या काळात रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, जाऊन विंडो वाढवणाऱ्यांना मिळत होतं ते फक्त समाधान. पण जानेवारी २००७ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलने त्याच पैशात २ एमबीपीएस दिलं आणि एका रात्रीत हा आकडा खरोखरचा अडथळा झाला, लाईन २ ची आणि एका कनेक्शनवर परदेशी फाईल येणार ०.५६ ने. विंडो ६५,५३५ बाइटपर्यंत वाढवली की तोच भागाकार २.१ एमबीपीएसवर जातो, म्हणजे बरोबर लाईनीएवढा. रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असलेले प्लॅन घेऊन मशीन रात्रभर चालू ठेवणाऱ्या लोकांना हा फरक फार मोठा होता, सहा तासांत किती उतरतंय यावर सगळं अवलंबून.

फ्लॅशगेट, इंटरनेट डाउनलोड मॅनेजर वगैरे सॉफ्टवेअर तेव्हा इतकी का चालली त्याचंही एक मोठं कारण हेच. ती एका फाईलचे तुकडे करून चार-आठ कनेक्शन उघडतात आणि प्रत्येक कनेक्शनला आपली वेगळी विंडो मिळते, म्हणजे एका कनेक्शनची मर्यादा तिथेच राहिली पण सगळी मिळून आठ पट झाली.

६५,५३५ च्या वर जायला विंडो स्केलिंग, म्हणजे विंडोचा आकडा पटीत वाढवून सांगायची सोय, लागतं. ती १९९२ मध्येच आरएफसी १३२३ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे दस्तऐवज) करून ठेवली होती, पण घरच्या विंडोजमध्ये ती आपोआप चालू मिळाली २००७ साली व्हिस्टा आल्यावर. व्हिस्टापासून विंडो ऑटो-ट्यून होते, लांबचा सर्व्हर असेल आणि लाईन मोठी असेल तर मशीन स्वतःच आकडा वाढवत नेतं. त्यानंतरच्या प्रत्येक विंडोजमध्ये हे आहे आणि लिनक्स, मॅकमध्येही आहे, म्हणजे एक्सपीच्या काळातलं हे ट्यूनिंग आता करायची गरज उरलेली नाही.

उलट त्यातून एक नवीन त्रास झाला आणि तो अजून चालू आहे. व्हिस्टाच्या सुरुवातीला काही जुने राऊटर आणि फायरवॉल विंडो स्केलिंग नीट हाताळत नव्हते, पानं अडकायची, म्हणून ऑटो-ट्यूनिंग डिसेबल करा असा सल्ला सगळीकडे पसरला. ते राऊटर भंगारात गेले, सल्ला मात्र राहिला, आणि कित्येक स्पीड बूस्टर सॉफ्टवेअर आजही एका क्लिकमध्ये हेच करतात. डिसेबल केलं की विंडो पुन्हा ६४ केबीला अडकते. मुंबईतल्या मुंबईत ५ मिलिसेकंदांवरच्या सर्व्हरशी तेवढी विंडो १०० एमबीपीएसला पुरते, म्हणून जवळचा सर्व्हर निवडून केलेली स्पीड टेस्ट झक्क पूर्ण आकडा दाखवते, आणि परदेशातली फाईल मात्र २ एमबीपीएसने येते, मग माणूस बिचारा कंपनीशी भांडत बसतो आणि कंपनीचा माणूस घरी येऊन तीच स्पीड टेस्ट दाखवून जातो. हे तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच इंटरफेस टीसीपी शो ग्लोबल ही कमांड इंग्रजीत टाइप करायची, येणाऱ्या यादीत रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग लेव्हल अशी एक ओळ असते, तिच्यापुढे नॉर्मल असलं पाहिजे. डिसेबल्ड दिसलं तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ते परत नॉर्मल करा, बाकी कशाला हात लावू नका.

एमटीयू

एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. इथरनेटवर तो १५०० बाइट. युजरनेम-पासवर्ड टाकून जी लाईन चालू होते ती बहुधा पीपीपीओई असते, १९९९ ची पद्धत, आणि ती प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खाते म्हणून तिथे १४९२ उरतात. राऊटर स्वतः लॉगिन करत असेल तर तो हे सांभाळून घेतो.

इथे स्पीडपेक्षा वेगळाच प्रकार बघायला मिळतो. आकार चुकला आणि वाटेत कुणी पॅकेट मोठं आहे असं सांगणारे आयसीएमपी निरोप अडवत असेल तर काही साईट उघडतात, काही नुसत्या गोल फिरत राहतात, मेल येतो पण अटॅचमेंट जात नाही. ऑफिसच्या व्हीपीएनवर घरून काम करणाऱ्यांना हे जास्त भेटतं कारण व्हीपीएन पॅकेटवर स्वतःचं ओझं चढवतं. तपासायला विंडोजच्या पिंग या कमांडला पॅकेट तोडू नको हे सांगणारं एफचं आणि आकार सांगणारं एलचं स्विच द्यायचं आणि १४७२ पासून खाली यायचं. १४७२ ला उत्तर आलं तर एमटीयू १५०० आहे, कारण हेडरचे २८ धरायचे असतात. १४७२ ला पॅकेट तोडावं लागेल अशी तक्रार आली आणि १४६४ ला उत्तर आलं तर १४९२. याच्याही खाली उतरावं लागलं तर जो सगळ्यात मोठा आकडा चालला त्यात २८ मिळवून तोच राऊटरमध्ये टाकायचा. एमटीयू उगाच १४०० वगैरे केल्याने स्पीड वाढत नाही, किंचित कमीच होतो.

न चालणारे उपाय

विंडोज २० टक्के बँडविड्थ स्वतःसाठी राखून ठेवतं आणि ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमध्ये ते शून्य केलं की नेट वेगवान होतं, ही गोष्ट एक्सपीपासून फिरतेय. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच खुलासा केला होता की एखाद्या प्रोग्रामने खास मागितली तरच ती राखीव होते, एरवी सगळी लाईन सगळ्यांना मोकळी असते. एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये अर्धवट, म्हणजे समोरून उत्तर यायचं बाकी असलेल्या, कनेक्शनना एका वेळी १० ची मर्यादा होती, वर्म (स्वतःहून पसरणारे घातक प्रोग्राम) पसरू नयेत म्हणून, आणि टोरंटवाले त्यासाठी सिस्टीमची फाईल पॅच करायचे. साध्या ब्राउझिंगला त्याचा काहीच संबंध नव्हता.

बफरब्लोट

स्पीड टेस्ट मस्त, पण घरात कुणाच्या मोबाईलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की मीटिंगमध्ये आवाज तुटतो, गेममध्ये पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) उडतो. याला बफरब्लोट म्हणतात, हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास रूढ केलं. माझ्या मते आजच्या घरी ट्यूनिंगने सगळ्यात जास्त फायदा कुठे होत असेल तर इथेच.

हे का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅब आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली कॅम्पस यांच्यामधली, जेमतेम ४०० यार्डांची लाईन ३२ केबीपीएसवरून चक्क ४० बिट प्रति सेकंदावर कोसळली, कारण गर्दी झाली की सगळेच पुन्हा पुन्हा पाठवत सुटले. त्यावर संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा की हळू सुरुवात करायची, वाढवत जायचं आणि पॅकेट हरवलं की समजायचं लाईन भरली, मागे यायचं. टीसीपी बऱ्याच अंशी अजून याच सूत्रावर चालतो. पण मेमरी स्वस्त झाली तशी मोडेम आणि राऊटर बनवणाऱ्यांनी त्यात मोठाले बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायच्या जागा, घातले, पॅकेट हरवतच नाही, रांगेत उभं राहतं, आणि पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही की लाईन केव्हाच भरलीय. २५६ केबीचा बफर आणि अपलोड २ एमबीपीएस असेल तर रांगेच्या शेवटच्या पॅकेटला एक सेकंद लागतो, आणि तुमच्या मीटिंगचा आवाज त्याच रांगेत असतो.

जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनीच २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत दिली, ती रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते. तिचंच पुढचं रूप एफक्यू-कोडेल, आरएफसी ८२९०, सन २०१८. ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं सॉफ्टवेअर चालणाऱ्या राऊटरवर ही किंवा याहून नवीन 'केक' ही पद्धत एसक्यूएम या नावाखाली मिळते. त्यात अपलोड-डाउनलोडचे आकडे खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के टाकायचे असतात म्हणजे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या राऊटरमध्ये लागते, जिथे ती आवरता येते. थोडा स्पीड जातो हे खरं, पण घरात चार माणसं नेटवर असतील तर तो सौदा डोळे झाकून करावा. तपासायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एका खिडकीत पिंग चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाईल अपलोडला लावायची, १० चे ३०० मिलिसेकंद झाले की कळलंच.

वायर आणि वायफाय

स्पीड टेस्ट नेमकी ९४ च्या आसपास अडत असेल, प्लॅन १५० किंवा २०० चा असूनही, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा इथरनेट आहे हे नक्की समजा. १५०० बाइटच्या पॅकेटला वायरीवर प्रत्यक्षात १५३८ बाइटांची जागा लागते आणि त्यात कामाचा डेटा १४६० च, म्हणून १०० ची वायर ९४.९ च्या वर जाऊच शकत नाही. कधी राऊटरचे पोर्टच स्वस्तातले असतात, कधी दोष जॅकमध्ये असतो. गच्चीवरून किंवा डक्टमधून आलेल्या लॅन वायरीला केबलवाला घाईत चारच तारा क्रिंप करून जातो, नारिंगी आणि हिरवी जोडी, निळी आणि तपकिरी कापून मोकळी. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. पारदर्शक जॅक उजेडात धरून बघितला तरी दिसतं.

वायफायमध्ये पहिला नियम, शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि एखाद्या सोसायटीत त्याच तिघांवर वीस-पंचवीस राऊटर बसलेले असतात, तिथे चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ लावली तर आपलंही बिघडतं आणि शेजाऱ्याचंही, २० च ठेवावी. मधलेच ३, ४, ८ असले चॅनल निवडणं तर आणखी वाईट, दोन्हीकडचा गोंगाट मिळतो. सिक्युरिटीत टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत राहिली असेल तर नवीन राऊटरही ५४ एमबीपीएसवर उतरतो, एईएस निवडा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे लवकर हरतो, कोकणात-गोव्यात जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात तर पुढच्या खोलीतला राऊटर मागच्या पडवीत जवळपास नसल्यासारखाच, तिथे चॅनल बदलत बसण्यापेक्षा मधल्या खोलीपर्यंत लॅन वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं हाच उपाय. राऊटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे असेल तर आधी तो बाहेर काढा.

डीएनएस

८.८.८.८ (गूगल, २००९) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर, २०१८) टाकलं की नेट फास्ट होतं असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो, पान उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होऊ शकतो, डाउनलोडचा स्पीड त्याने वाढत नाही. कंपनीचा डीएनएस सारखा बंद पडत असेल तर बदल जरूर करा. पण व्हिडिओ साईट्स तुम्हाला जवळचा कॅश सर्व्हर (व्हिडिओच्या प्रती ठेवलेला सर्व्हर) देतात तो बरेचदा डीएनएस कुठून विचारतोय त्यावरून, आणि बऱ्याच कंपन्यांचे कॅश त्यांच्याच नेटवर्कमध्ये असतात, त्यामुळे बाहेरचा डीएनएस लावल्यावर व्हिडिओ आधीपेक्षा अडखळायला लागला तर कंपनीचाच परत टाकून बघा.