कुलूप पुस्तकाला, किल्ली दुकानात

ई-पुस्तक विकत घेतले म्हणजे ते आपले झाले, असे बहुतेक वाचक गृहीत धरतात, आणि त्यांचा दोषही नाही, कारण दुकानाच्या पानावर बटण असते ते 'विकत घ्या' असेच. छापील पुस्तक पुतणीला देता येते, रद्दीवाल्याला विकता येते, तीस वर्षांनी माळ्यावरून काढून झटकून वाचता येते. कॉपी-संरक्षण (इंग्रजीत डीआरएम) असलेल्या ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपल्या हाती येतो तो वाचण्याचा परवाना, आणि त्याच्या अटी पाळल्या जात आहेत की नाही, हे फाइलीतच बसवलेले गणित पाहते. हे गणित मला अतिशय सुंदर वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

ईपब प्रकारचे ई-पुस्तक म्हणजे प्रत्यक्षात झिप केलेले एक गाठोडे असते. मोफत पुस्तके देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरून उतरवलेल्या एका पुस्तकाच्या फाइलनावातील शेवटचे 'ईपब' खोडून मी तेथे 'झिप' लिहिले, तेव्हा ते गाठोडे सुटले आणि आतील प्रकरणे साध्या नोटपॅडमध्येही वाचता आली. तोच प्रयोग विकत घेतलेल्या, संरक्षित पुस्तकावर केला. गाठोडे सुटले, फाइलींची नावेही दिसली, पण पहिले प्रकरण उघडताच चौकोन, प्रश्नचिन्हे आणि कोणत्याच लिपीत न बसणाऱ्या खुणा यांचा ढीग समोर आला. पुस्तक माझ्या संगणकावर होते, त्याचे पैसेही मी भरलेले होते, फक्त ते मला वाचता येत नव्हते.

हा ढीग तयार करण्याचे काम बहुधा एईएस ही कूटबद्ध करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे मजकुराचे रूप करण्याची, पद्धत करते. ती २००१ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि बँकांची संकेतस्थळे व व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश यांनाही तीच राखते; त्यामुळे 'लष्करी दर्जाची सुरक्षा' असे कोणी जाहिरातीत छातीठोकपणे सांगू लागले, तर तो दर्जा आपल्या फोनमध्ये केव्हाचाच आलेला आहे, हे लक्षात ठेवावे. एईएस मजकुराचे १६ बाइटांचे तुकडे पाडते. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारणपणे ३ बाइट घेते आणि 'पुस्तक' या शब्दात उकार व हलन्त धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट झाले. तो शब्द एका तुकड्यात मावतसुद्धा नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कूटबद्ध केला, तर सारख्या तुकड्यांचे कूटरूपही सारखेच निघेल आणि त्या पुनरावृत्तीवरून चाणाक्ष माणूस मजकुराचा माग काढू शकेल. म्हणून प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याचे कूटरूप मिसळतात आणि मग तो कूटबद्ध करतात. भेंड्यांमध्ये आधीचे गाणे ज्या अक्षरावर संपले त्यावर पुढचे अवलंबून असते, तसेच हे आहे, फक्त येथे एका अक्षराऐवजी सगळेच्या सगळे १६ बाइट पुढे जातात.

आता किल्लीचे, म्हणजे कूटरूप उलगडणाऱ्या गुप्त संख्येचे, पाहू. ती १२८ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा १२८ आकड्यांची असेल, तर शक्य किल्ल्यांची संख्या ३४ या आकड्यावर ३७ शून्ये इतकी होते. सेकंदाला अब्ज गुणिले अब्ज किल्ल्या लावून पाहणारे यंत्र मिळाले, तरी सगळ्या तपासायला सुमारे १० लाख कोटी वर्षे लागतील, आणि विश्वाचे वय अवघे १३८० कोटी वर्षे आहे. थोडक्यात, हे कुलूप फोडण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

खरी करामत पुढे आहे. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकासाठी संपूर्ण पुस्तक नव्याने कूटबद्ध करीत बसत नाही. पुस्तक एकदाच एका पुस्तक-किल्लीने बंद होते. मग ती किल्ली गिऱ्हाइकाच्या खात्याच्या वेगळ्या किल्लीने बंद करून, शे-दीडशे बाइटांच्या पुडीच्या रूपात, पुस्तकासोबत दिली जाते. मोठी ट्रंक सगळ्यांना सारखीच मिळते. तिची किल्ली ठेवलेली डबी मात्र प्रत्येकाची निराळी असते. दहा हजार गिऱ्हाइके आली, तरी बदलतात त्या फक्त डब्या. अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची पद्धत साधारण अशीच चालते.

परंतु डबी उघडणारी किल्ली असते कोठे? ती आपल्याच फोनमध्ये किंवा संगणकात, वाचनाच्या अ‍ॅपने दडवून ठेवलेली असते, कारण ती तेथे नसेल तर पुस्तक उघडणारच नाही. कूटशास्त्राचा सारा डोलारा पाठवणारा, घेणारा आणि मधला चोर अशा तीन पात्रांवर उभा आहे. येथे घेणारा आणि चोर ही दोन्ही पात्रे एकाच माणसाला वठवायची असतात: त्याला किल्ली द्यायचीही आहे आणि ती त्याला सापडूही द्यायची नाही. ऑग्युस्त केरखोफ यांनी १८८३ सालीच असे मांडले होते की, किल्ली सोडून बाकी सर्व यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी जी टिकते, तीच कूटपद्धत चांगली. कॉपी-संरक्षण या कसोटीला उतरूच शकत नाही. त्याची भिस्त किल्ली कोठे दडवली आहे, या गुपितावर असते. दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरने अ‍ॅडोबीच्या ई-पुस्तकांच्या संरक्षणातील कच्चे दुवे २००१ साली लास व्हेगासमधील परिषदेत मांडले, तेव्हा त्याला तेथेच अटक झाली. त्याच्या कंपनीवर खटला चालला आणि २००२च्या डिसेंबरात ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून राखलेली नोंदवही, आणले की हा पेच सुटेल, असे सांगणारे अधूनमधून भेटतात. ब्लॉकचेन फार तर मालकीची नोंद ठेवील. पडद्यावर अक्षरे दिसायची असतील, तर किल्ली वाचकाच्या यंत्रात उतरवावीच लागते.

याचा भार कोणावर पडतो, हे आता सहज कळेल. चोरट्याला कुलूप एकदाच काढावे लागते; त्यानंतर फिरणाऱ्या प्रतींना कुलूपच नसते. प्रामाणिक वाचकाला मात्र प्रत्येक नव्या यंत्रावर दुकानाच्या सर्व्हरकडून खात्याची किल्ली पुन्हा मागावी लागते, आणि तो सर्व्हर बंद पडला की कपाटातील पुस्तके कपाटातच राहून मुकी होतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत दिले आणि ज्यांनी टिपा लिहिल्या होत्या त्यांना २५ डॉलर जास्तीचे दिले, पण टिपा पैशांनी भरून येत नाहीत. त्याआधी, २००९च्या जुलैमध्ये, हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकलेल्या दोन पुस्तकांच्या प्रती अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडल या वाचनयंत्रांमधून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची होती आणि त्यांतील एक चक्क '१९८४'. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांना नंतर जाहीर माफी मागावी लागली.

सर्वांत जास्त अडतात ते दृष्टिहीन वाचक. फाइल मोकळी असेल, तर मजकूर मोठ्याने वाचणारी किंवा ब्रेलमध्ये उमटवणारी कोणतीही आज्ञावली चालते. फाइल बंद असेल, तर दुकानाचे अ‍ॅप जेवढे करू देईल तेवढेच. २००९ साली किंडलमध्ये मोठ्याने वाचण्याची सोय आली, तेव्हा अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि कोणते पुस्तक बोलू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार अ‍ॅमेझॉनने प्रकाशकांना दिला. भारताचा कॉपीराइट कायदा या बाबतीत समंजस आहे. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार संरक्षण चुकवणे गुन्हा ठरते, ते हक्कभंगाच्या हेतूने केले असेल तर. आणि अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत तयार करण्याची मुभा त्याच दुरुस्तीने दिली. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश करारालाही २०१४ साली सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. अर्थात, कायद्याने मुभा दिली म्हणून फाइलीतील गणित उलगडत नाही.

कुलूप काढले तर प्रकाशक बुडतील, ही भीती मात्र एकदा प्रत्यक्ष तपासून झालेली आहे. विज्ञानकथा छापणाऱ्या टोर या प्रकाशनसंस्थेने २०१२ साली आपल्या ई-पुस्तकांवरील संरक्षण काढून टाकले, आणि वर्षभरानंतर तिच्या ब्रिटनमधील शाखेने सांगितले की, चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. दुसरा मार्ग पुस्तकात खरेदीदाराची खूण मिसळण्याचा आहे. त्यात फाइल कोठेही उघडते, पण ती गावभर वाटली तर कोणाच्या प्रतीवरून फुटली हे शोधता येते. मराठी पुस्तके किंडलवर २०१६च्या अखेरीस आली, म्हणजे ज्यांनी तेव्हा घ्यायला सुरुवात केली त्यांचा संग्रह आता बराच भरला असेल. त्यातले कोणते पुस्तक कुलपाविना आहे, हे पाहायचे असेल, तर खरेदीच्या पानावरील बारीक मजकूर वाचावा. प्रकाशकाच्या विनंतीवरून हे पुस्तक डीआरएमशिवाय विकले जात आहे, अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य काही पुस्तकांखाली तेथे दिलेले असते.