पानशेतनंतरचे पुणे : पुनर्वसन आणि परस्परसाहाय्याची पार्श्वभूमी

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खालचे, एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही. पानशेतचे काम अपुरे असतानाच त्यात पावसाळ्याचे पाणी साठू दिले होते; पाणी सोडण्यासाठी भरावाखालून नेलेला काँक्रीटचा मार्ग लोखंडी सळयांविना बांधलेला होता, तो खचला आणि त्याबरोबर वरचा भरावही खचत गेला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून काही तास धरण राखले. पाणी रात्रीऐवजी दिवसाउजेडी शहरात आले आणि असंख्य जीव वाचले, याचे श्रेय त्या जवानांचे आहे.

नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतील आणि डेक्कन जिमखान्याजवळील सखल भाग पाण्याखाली गेले. मृतांच्या आकड्याबाबत आजही एकमत नाही. घरांचे नुकसान मात्र डोळ्यांसमोर होते : माती-विटांच्या वाड्यांच्या भिंती भिजून पाणी ओसरल्यावरही कोसळत राहिल्या. अशा एकेका वाड्यात अनेक बिऱ्हाडे भाड्याने राहत, त्यामुळे बेघर झालेल्यांपैकी पुष्कळांच्या नावावर ना जमीन होती ना घर. पुढच्या सगळ्या पुनर्वसनाची खरी अडचण हीच होती.

सुरुवातीचे दिवस शेजाऱ्यांनी निभावले. उंचावरच्या घरांनी नातेवाइकांना आणि अनोळखी कुटुंबांनाही आसरा दिला आणि शाळांमध्ये छावण्या उघडल्या. खडकवासला फुटल्याने नळ कोरडे पडले होते, तेव्हा पेठांतल्या जुन्या विहिरी आणि पेशवेकाळात कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद पुन्हा उपयोगी पडले. ही तत्परता अचानक आलेली नव्हती. १८७६-७८च्या दुष्काळात पुण्यातील सार्वजनिक सभा या संस्थेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली होती आणि १९०५मध्ये स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाने संकटनिवारणाला आपल्या कामात कायमचे स्थान दिले होते. संघटित मदतीची सवय या शहराला जुनी होती.

पुनर्वसनाच्या कामी राज्य सरकारने स. गो. बर्वे यांच्यासारखा, पुणे जवळून ओळखणारा प्रशासक नेमला. गोखलेनगरसारख्या ठिकाणी अर्धगोल छपरांच्या निसेन हट उभ्या राहिल्या, परंतु त्या तात्पुरत्याच होत्या. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा आहे : पूरग्रस्तांनी एकत्र येऊन सहकारी गृहरचना संस्था स्थापन केल्या, आणि सहकारनगर, पर्वती, एरंडवणे अशा भागांत विखुरलेल्या या संस्थांची संख्या १०३ आहे. कालपर्यंत वाड्यात भाडे भरणारा माणूस येथे सभासद झाला, सभेत मत देऊ लागला आणि आपल्या प्रश्नासाठी एकट्याने सरकारी कचेरीत खेटे घालण्याऐवजी संस्थेच्या नावाने अर्ज करू लागला. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असल्याने मालकी हक्काचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला, आणि तोही याच संस्थांनी, पुढच्या पिढीच्या हातून, लावून धरला. पूर ओसरायला काही तास लागले. त्याचे कागदपत्र मिटायला दोन पिढ्याही पुरल्या नाहीत.

हा अनुभव पुढे शहराबाहेरही उपयोगी पडला असावा. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले आणि वाघोलीला त्यांची कायमची सोय केली. ज्ञान प्रबोधिनीने उलट वाट धरली : ती भूकंपग्रस्त भागातल्या हराळी गावी गेली आणि तिथेच निवासी शाळा उभी केली. दोन्ही कामे मदतीचा ओघ आटल्यावरही चालू राहिली, म्हणून त्यांची नोंद येथे आवश्यक आहे.

२५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यांचा गाळ उपसायला वरच्या मजल्यांवरचे लोक खाली आले. तिथेही अनेक कुटुंबे भाड्याने राहतात. सोसायटीचे सभासदत्व घरमालकाकडे असल्याने, इमारतीच्या पुनर्विकासावर ठराव होईल तेव्हा या कुटुंबांना मत नसेल. १९६१च्या पुरानंतर भाडेकरूंना सभासद करून घेऊन जी उणीव भरून काढली गेली, तीच येथे पुन्हा उभी आहे.