चार अश्वशक्तीचा प्रवास

गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ उभं राहा, एक तक्रार हमखास कानावर पडते: "गाडी ॲव्हरेज दिना." मग बॉनेट उघडतं आणि सल्ले सुरू होतात. कुणी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, रिमॅप करून घ्यायला सांगतं, कुणी महागडा एअर फिल्टर सुचवतं, कुणाच्या चुलतभावाने पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवलेला असतो आणि तो म्हणे खूश आहे. या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. आपली गाडी रस्त्यावर धावताना तिच्या इंजिनाला मुळात काम किती असतं?

१.२ लिटरची एखादी हॅचबॅक घेऊ. माणसांसकट वजन हजार-अकराशे किलो, कागदावर ताकद ८०-९० अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने ती एकसारखी चालली आहे. तिला मागे ओढणाऱ्या गोष्टी दोनच. एक टायर: फिरताना तो सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा जाते. दुसरी हवा. या वेगाला टायरचा विरोध साधारण ११० न्यूटन आणि हवेचा ८० न्यूटन भरतो. दोन्हींच्या बेरजेला वेगाने गुणलं की २.६ किलोवॅट येतात, म्हणजे साडेतीन अश्वशक्ती. गिअरबॉक्समधली गळती धरून चार म्हणा. ऐंशीच्या वेगाला नऊ-दहा लागतात आणि शंभरला सोळा-सतरा, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

थोडक्यात, ८५ अश्वशक्तीचं इंजिन फोंडा-पणजी करताना बराचसा वेळ चार-पाच अश्वशक्तीचं काम करत असतं. ॲव्हरेजचं सगळं दुखणं या आकड्यात आहे.

पेट्रोल इंजिनाला कमी ताकद हवी असली की ते हवा अडवतं. ॲक्सिलरेटर म्हणजे खरं तर हवेच्या वाटेवरची एक झडप, थ्रॉटल. पाय हलका ठेवला की ती जवळजवळ मिटलेली राहते आणि तिच्या पलीकडे, सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्या निम्म्याहूनही खाली जातो. पिस्टनला प्रत्येक वेळी त्या पोकळीविरुद्ध हवा ओढावी लागते. शहाळ्यातली स्ट्रॉ चिमटीत दाबून धरली आणि तरी पाणी ओढत राहिलं, तर गाल दुखतात ते याच कारणाने. या ओढाताणीला पंपिंग लॉस म्हणतात. शिवाय पिस्टन, कॅम, तेलाचा पंप यांचं घर्षण आहेच. इंजिन चार अश्वशक्ती देतंय की चाळीस, याने त्यात फारसा फरक पडत नाही. चाळीस देताना तो खर्च किरकोळ वाटतो. चार देताना तोच डोईजड होतो.

म्हणून जे इंजिन नीट ओझ्याखाली पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी पस्तीस टक्क्यांच्या आसपास कामी लावू शकतं, तेच गावातल्या चालीत वीस टक्क्यांच्याही खाली घसरतं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातला मोठा वाटा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जातो.

आता रिमॅपकडे या. ईसीयूमधले तक्ते बदलून ट्यूनर जी ताकद वाढवतात, ती प्रामुख्याने थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरची: तिथलं पेट्रोल-हवेचं मिश्रण, स्पार्कची वेळ, इंजिनाचे मिनिटाला कमाल फेरे. साध्या, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या पेट्रोल गाडीत त्या कोपऱ्यात आपण जातोच किती? ओव्हरटेक करताना आणि चढावर, तेवढंच. उरलेला सगळा वेळ गाडी हलक्या ओझ्यावर असते, आणि तिथे मिश्रण कसं ठेवायचं हे ट्यूनरच्या आधीच रसायनशास्त्राने ठरवून टाकलं आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात ऑक्सिजन उरला का ते पाहतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची वेळ क्षणोक्षणी कमी-जास्त करतो. बॉशचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. मिश्रण आणखी पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) केलं तर थोडं पेट्रोल वाचेलही. पण धुरातल्या जादा ऑक्सिजनमुळे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजनची ऑक्साइडं मोडता येत नाहीत. बचत आपल्या खिशात आणि धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात, असा तो हिशेब होतो.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात गोष्ट वेगळी होती. तेव्हा पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम कार्बोरेटर करायचा, आणि त्याला धुराची काही खबर नसायची. जेट झिजला, फ्लोटची पातळी बिघडली की मिश्रण जाड व्हायचं, पॉइंटचा गॅप हलला की स्पार्कची वेळ चुकायची, आणि ते कुणाला कळायचंही नाही. जुने मेकॅनिक नुसत्या आवाजावर स्क्रू फिरवून गाडी ताळ्यावर आणायचे आणि ॲव्हरेज खरोखर वाढायचं. ट्यूनिंगवरची आपली श्रद्धा त्या काळातली आहे. आता तोच कान ईसीयूला आहे आणि तो सेकंदात अनेकदा ऐकतो.

एअर फिल्टरबद्दलची समजूतही तिथलीच. डिचोली, सावर्डे, कुडचडे भागात खनिजाच्या ट्रकांमागून ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना फिल्टर लाल होणं म्हणजे काय हे सांगायला नको. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर मिश्रण जाड करायचा. इंजेक्शनच्या गाडीत तसं होत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम फिल्टर तुंबवून चाचण्या घेतल्या, तेव्हा नव्या गाड्यांच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. पिकअप मात्र कमी झाला. कारण सोपं आहे. फिल्टरने हवा अडवली की आपण नकळत थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, म्हणजे अडथळा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो. फिल्टर बदलावाच, पण तो सिलिंडरमध्ये धूळ जाऊ नये म्हणून. थंड हवा ओढणाऱ्या खास पाइपांचा प्रकार तर उलटाच आहे. थंड हवा दाट असते, म्हणून तेवढीच ताकद काढायला थ्रॉटल आणखी मिटावा लागतो. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा ती कामाची, ॲव्हरेजसाठी नाही. (आपल्याकडच्या दमट दिवसांत, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, हवेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास नुसती वाफ असते. तिने ताकद किंचित घटते आणि नॉकिंगही, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक. पावसाळ्यात इंजिन गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं ते सगळंच मनाचं नसावं.)

इंजिनाच्या आत हात घालून कार्यक्षमता वाढवायचा अस्सल मार्ग एकच: कॉम्प्रेशन वाढवणं. निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही. मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकं ते जळल्यावर जास्त पसरून काम देतं. आदर्श सूत्राप्रमाणे १० पट दाबाला ६० टक्के कार्यक्षमता येते आणि ११ पटीला जवळपास ६२. खरं इंजिन यापासून फार लांब असतं, पण प्रमाण साधारण तेच राहतं. लेथवर हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कोणी दहाचं अकरा केलं, तर सगळं जमून आलं तरी वीसच्या ॲव्हरेजचं साडेवीस होईल. त्या अर्ध्या किलोमीटरसाठी झडपा आणि पिस्टन यांतलं अंतर कमी होतं, टायमिंग किंचित सरकतं आणि नॉकिंगची भीती वाढते. नॉकिंग ऐकू आलं की ईसीयू स्पार्क मागे ओढतो आणि कमावलेलं परत जातं. मला हा सौदा पटत नाही.

कारखान्यांनी मात्र याच रस्त्यावर एक देखणी युक्ती काढली. जेम्स ॲटकिन्सनच्या एकोणिसाव्या शतकातल्या कल्पनेत मिश्रण जितकं दाबलं जातं त्यापेक्षा जास्त पसरू दिलं जातं. ॲटकिन्सनने त्यासाठी दांड्यांची गुंतागुंतीची जोडणी केली होती. १९९७च्या टोयोटा प्रियस या हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाडीत तेच काम इनटेक झडप उशिरा मिटवून साधलं: ओढलेल्या हवेतली काही परत बाहेर ढकलली जाते, त्यामुळे थ्रॉटल मिटवून ती अडवायची गरज कमी होते. वर वर्णन केलेल्या दुखण्यावर नेमका हा इलाज आहे. ताकद घटते ती विजेची मोटर भरून काढते. आज गोव्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत याच पद्धतीचं दीड लिटरचं इंजिन आहे. नेहमीच्या गाडीत ही करामत गॅरेजमध्ये बसवता येत नाही. कॅम, पिस्टन, ईसीयू, मोटर सगळं एकमेकांसाठी घडवलेलं असतं.

अलीकडच्या तक्रारींमध्ये इथेनॉलचा वाटा किती, हेही पाहायला हवं. लिटरभर इथेनॉलमध्ये साधारण २१ मेगाज्यूल असतात. ते पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलं (ई-२०) की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा पावणेसात टक्क्यांनी घटते. आधीच्या १० टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांनी. जुन्या घडणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी उतरेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही होता. ही घट कुठलाही ट्यूनर परत आणू शकत नाही, कारण ती टाकीतच आहे. 'ई-२० साठी खास रिमॅप' विकणाऱ्यांना एवढंच विचारावं की मग ऑक्सिजन सेन्सर काय करतो? नव्या मिश्रणाला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास, आणि ते सेन्सर धुरावरून ओळखून आपोआप सांभाळतो.

मग गॅरेजमध्ये खरंच काही सापडतं का? सापडतं, पण ते बहुधा आधीच्या कुणीतरी करून ठेवलेलं असतं. माझ्या मते यातला पहिला गुन्हेगार काढून टाकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व. गाडी गरम होते म्हणून तो काढायची आपल्याकडे जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन हव्या त्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, घाट उतरताना पुन्हा थंड पडतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. तेल घट्ट राहतं ते वेगळंच. ओबीडीच्या (गाडीतल्या तपासणीच्या) सॉकेटमध्ये लागणारा एक स्वस्त स्कॅनर फोनला जोडला तर कूलंटचं तापमान दिसतं. मडगावपर्यंत जाऊनही ते ८० अंशांवर टिकत नसेल, तर रिमॅपचा विचार सोडून आधी तो व्हॉल्व बसवून घ्यावा. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम दिसतो: ईसीयू आपल्या तक्त्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतो आहे. तो एका बाजूला खूप झुकलेला असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, इंजेक्टर तुंबला आहे किंवा सेन्सर म्हातारा झाला आहे. अडकलेला ब्रेक आणि कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड तेल हे आणखी दोन नेहमीचे.

टायरचं महत्त्व तर वरच्या आकड्यांतच दिसलं. ५० च्या वेगाला निम्म्याहून जास्त विरोध टायरचा आहे, हवेचा नाही. आपल्या वळणांच्या, अरुंद रस्त्यांवर हवेचा दाब तपासणं कुठल्याही स्पॉइलरपेक्षा मोलाचं. रुंद टायर आणि जड अलॉय घालून आलेल्या माणसाने ॲव्हरेजबद्दल बोलूच नये. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर किलोमीटरचा काटाही कमी दाखवतो, म्हणजे त्याचा हिशेब दोन्हीकडून फसतो.

उरला पाय. इंजिनाला ओझं दिलं की ते कार्यक्षम होतं, म्हणून ५० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार फेरे फिरवण्यापेक्षा चौथ्यात अठराशे-दोन हजारांवर चालणं चांगलं: फेरे कमी, थ्रॉटल जास्त उघडा, ओढाताण कमी. इंजिन धडधडायला लागेल इतकं मात्र दाबू नये. चोर्ला घाटातून केरीकडे किंवा अनमोडहून मोलेमकडे उतरताना न्यूट्रल मारणारे पेट्रोल वाचवल्याच्या समाधानात असतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात आणि थेंबही जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पेट्रोल लागतंच. शिवाय ब्रेक तापतात, आणि त्या घाटात तापलेले ब्रेक कुणालाच नको असतात. फेरीबोटीच्या रांगेत एसी लावून उभ्या गाडीचं इंजिन तर तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पिऊ शकतं, ॲव्हरेज शून्य.

टर्बो डिझेलचा अपवाद मान्य करायला हवा. तिथे थ्रॉटलचं दुखणं मुळातच कमी आहे, आणि रिमॅपने कमी फेऱ्यांवर जोर वाढला तर वरच्या गिअरमध्ये लवकर जाता येऊन थोडी बचत होऊ शकते. पण त्याच पॅकेजमध्ये ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी यंत्रणा) बंद करणं, धुराचा फिल्टर काढणं असली कामं चिकटून येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांत असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चुंबकं आणि पाण्यापासून हायड्रोजन बनवणारे डबे कायद्याच्या आधी भौतिकशास्त्रातच अडतात. डब्याला लागणारी वीज अल्टरनेटरकडून येते, अल्टरनेटर इंजिनावर चालतो आणि इंजिन पेट्रोलवर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत; लक्षणीय बचत कशातच निघाली नाही.

तरीही काही बदल करून पाहायचाच असेल, तर मोजमाप आधी ठरवा. त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी लावून, नोझल पहिल्यांदा आपोआप सुटेपर्यंत टाकी भरायची, आणि दोन भरण्यांमध्ये निदान ४०० किलोमीटर जाऊ द्यायचे. २० लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी अडीच टक्क्यांची चूक होते, म्हणजे घासलेल्या हेडची सगळी कमाई. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, चार-पाच टाक्यांची सरासरी काढावी. आणि मे महिन्यातली टाकी जुलैतल्या टाकीशी ताडून पाहू नये. ओल्या रस्त्यावर टायरला पाणीही ढकलावं लागतं.